दर्याचं पोट आणि चांगुणाचं जाळं

एकदा काय झालं, दर्याचं पोट दुखायला लागलं. हसू नका रे! तुमचं दुखतं तेव्हा घर डोक्यावर घेता की नाही? मग एवढा मोठा दर्या. तो कण्हायला लागला आणि मासे पार खोल पळून गेले.

किनाऱ्यावर चांगुणा कोळीण राहायची. घरात ती आणि तिची एवढीशी लेक येसू. होडी होती, पण जाळ्याच्या पार चिंध्या झालेल्या. नारळी पुनव झाली, सगळ्यांच्या होड्या गेल्या नि रिकाम्या आल्या, हिची आपली वाळूत. चूल थंड. येसू रडून रडून झोपायची आणि चांगुणाचा जीव तुटायचा, बरं का.

मग ती गुडघाभर पाण्यात उभी राहून कडाडली, "दर्यादेवा, माझ्या पोरीच्या तोंडचा घास का रं नेलास?"

दर्या म्हणाला, "माझंच पोट फुगलंय गो बाय. तुम्ही टाकता ते गिळतो, पण पचतच नाय!"

चांगुणा तोंडाने फटकळ, पण तिला दया आली. तिने पदर खोचला आणि घातला हात दर्याच्या पोटात. आधी निघाल्या प्लास्टिकच्या पिशव्या, ढीगच्या ढीग! त्या फाडून, मांडीवर वळून तिने दोर केला. मग निघाल्या बाटल्या. बुचं घट्ट लावून ठेवल्या, जाळं तरंगायला. बायका म्हणाल्या, "चांगुणाला येड लागलंय!" लागू दे.

मग काहीतरी ओढलं, ते येईचना. कुणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं, आणि त्यात अडकलेली ही एवढी घोळ मासळी! पोटात अंडी गच्च. घरी येसू उपाशी, इथे चांगुणाच्या हातात सुरी. काय करील बाई?

घोळ म्हणाली, "माझीपण लेकरं हायत गो पोटात."

चांगुणा रडली. मग तिने सुरीने जाळं कापलं. घोळ सुळकन गेली. येसूला तिने शेजारणीकडून पेज मागून आणून पाजली.

मग ते जाळं सोडवलं, पुन्हा गाठी मारल्या. भोकं मोठी ठेवली, पिल्लं निसटावीत म्हणून. दोर ओवला, बाटल्या बांधल्या आणि होडी लोटली. पहिल्यांदा जाळं टाकलं, आल्या चपला. दुसऱ्यांदा, पुन्हा कचराच! तिने तो होडीत भरला, परत काही टाकला नाही. तिसऱ्यांदा टाकलं आणि दर्याने असा मोठ्ठा ढेकर दिला की होडी नाचली! जाळ्यात बांगडे, सुरमई, पापलेट, मावेनात!

बायका टोपल्या घेऊन धावल्या, "आम्हालापण शिकव गो, चांगुणा." तिने शिकवलं. फुशारकी मारली थोडी, मारणारच!

येसू कालवण-भात पोटभर जेवली आणि म्हणाली, "आये, दर्या जेवला का?"

"नाय गो. आज तो रिकाम्या पोटी निजलाय, म्हणून तर गाढ निजलाय."

ऐका, कण्हतोय का? नाही ना? मग चला, मिटा डोळे.