गुप्तदानाची ज्वारी

फार मागे एका उंबरावरची पाखरं सापापासून अंडी राखायला दरवर्षी राखणदार निवडत. ज्याला मत द्यायचं, त्याच्यापुढे सर्वांदेखत पान ठेवायचं.

यंदा राखणदारीला कावळा आणि कोतवाल पक्षी उभे होते. कावळ्याने घरोघर ज्वारी वाटली. अंड्यांवर बसलेल्या साळुंकीने विचारलं, "कावळेदादा, ही दिली कोणी?"

"गुप्तदानाचं नाव विचारू नये, पाप लागतं!"

"गुप्तदान देवाला करतात हो, राखणदाराला नाही."

पण ज्वारी खाल्लेली पाखरं कावळ्यादेखत दुसऱ्यापुढे पान ठेवायला संकोचली होती. साळुंकी म्हणाली, "यंदा सगळ्यांनी डोळे मिटा, एकेकाने ढोलीत पान टाका. कावळ्यासाठी उंबराचं, कोतवाल पक्ष्यासाठी कडुनिंबाचं. देवाशिवाय कोणी बघणार नाही. कावळेदादा, तुम्हीही मिटा!"

ढोलीत कडुनिंबाचीच पानं जास्त निघाली. कोतवाल राखणीला बसला.

खालच्या बिळातून साप कावळ्यावर फुत्कारला, "मेल्या, माझी ज्वारी परत दे!"