चौथा काटा

“पण बुवा, झोपलेल्या माणसाला उठवलं नाही, हा काय गुन्हा झाला?”

विश्वंभर कारखानीसांचा आवाज असा चढला की मठाच्या ओसरीवरची कबुतरं उडाली. रंगबुवा मात्र ढिम्म. त्यांची नजर समोरच्या घंगाळावर होती. पाण्यात तांब्याचं घटिकापात्र तरंगत होतं. तळाच्या बारीक भोकातून पाणी आत शिरे आणि चोवीस मिनिटांनी ते बुडे. मठाची रीतच होती तशी. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याने पात्र बुडेपर्यंत हवं तेवढं बोलावं, आदळआपट करावी. पात्र बुडालं की प्रश्न बुवांनी विचारायचे.

कारखानीसांनी घटकाभर तोंड मिटलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची पत्नी नलिनी गेली. त्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर होती आणि सारखी लेकीचं, ऋजुताचं, नाव घेत होती. ऋजुता कॅनडात, हॅलिफॅक्सला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. बापाने फोन केला तो तिकडे उजाडल्यावर. तोवर सगळं संपलं होतं.

“तेव्हापासून अबोला! म्हणते, आई मला हाका मारत होती आणि तुम्ही घड्याळ बघत बसलात. अहो, तिची झोप मोडू नये म्हणूनच ना! तुम्ही तिला बोलावून घ्या. तुमचं ऐकेल ती. माझी माफी मागू दे तिला!”

पात्राने एक बुडबुडा सोडला आणि ते तळाला टेकलं.

...

“मनगटावर काय आहे?” बुवांनी विचारलं.

एवढ्या रागातही कारखानीस सुखावले. घड्याळाचं कोणी विचारलं की ते सुखावतच. घड्याळ जपानी, भारीतलं, खास प्रवाशांसाठी घडवलेलं. तबकडी बर्फात उभ्या भूर्जवृक्षांच्या सालीसारखी, पांढरी आणि रेघारेघांची. चौथा निळा काटा परक्या मुलखातली वेळ दाखवणारा.

“तिच्या गावी असाच बर्फ पडतो. म्हणून मुद्दाम हे शोधून घेतलं. दिवसातून दहादा बघतो. आत्ता तिकडे रात्रीचे दोन.”

“आणि फोन किती केलेस?”

“कधी करणार? मी उठतो तेव्हा ती झोपायच्या बेतात. ती मोकळी होते तेव्हा मी झोपलेला. मी मोकळा, तर ती...”

“नवं घेतलंस?”

“नाही, वापरलेलं. पण एक ओरखडा नाही.”

“पहिल्या मालकाने का विकलं?”

“तो म्हणे कायमचा घरी परतला. चौथ्या काट्याचं काम उरलं नाही त्याला.”

बुवांनी घड्याळावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती. विमानतळावरून थेट, बॅगांसकट. तुझ्याच जागेवर बसून अशीच ओरडत होती. तिलाही घटका पुरली नाही.”

“मला काय त्याचं?” कारखानीस उसळले. “मी इथे माझ्या लेकीचं रडगाणं सांगतोय आणि तुम्ही भलतीचंच काय सांगताय?”

आता मात्र बुवा भडकले. त्यांनी कारखानीसांचं मनगट करकचून धरलं.

“किल्ली ओढ. चौथा काटा इथल्या वेळेवर आण.”

“अहो, मग तिची वेळ कशी कळणार मला?”

“आण म्हणतो ना!”

कारखानीसांनी दातओठ खात किल्ली फिरवली. निळा काटा बर्फावरून सरकत सरकत साडेदहावर आला.

“झालं समाधान? आता हे असून नसून सारखं. सांगा आता तुम्हीच, काय वाजलेत माझ्या ऋजुताकडे?”

बुवांनी त्यांचं मनगट सोडलं. घंगाळात हात घालून पात्र बाहेर काढलं, पाणी निथळू दिलं आणि ते फरशीवर उपडं ठेवलं.

“साडेदहा,” ते म्हणाले. “ती जागी आहे.”