ठकूबाईच्या पाणपोईचा नळ मागं का

प्यालात पोटभर? गार आहे ना? आता सांगते. ज्या संगमरवरी कुंडातून तुम्ही ओंजळ भरून प्यालात, ते जनावरांचं आहे. अहो, थुंकताय कशाला, पाणी एकच आहे, वरच्या तळ्यातलं. माणसांचा नळ मागच्या अंगाला, गुडघ्याएवढा खाली. आधी सांगितलं असतं तर तुमची ही तोंडं बघायला मिळाली नसती. बसा या पायरीवर. दगडावर 'मातोश्री ठकूबाई' असं कोरलंय. मला मोठी मोठी अक्षरं तेवढी वाचता येतात, पण गोष्ट सगळी येते.

ही ठकूबाई इथल्याच तांबट आळीतली. नवरा लवकर गेला. तिनं भांडी विकून पोर वाढवलं, आणि दर उन्हाळ्यात या वळणावर रांजण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायची. तिची एक खोड होती म्हणे. आधी दगडी डोणीत जनावरांसाठी पाणी ओतायची, मग माणसांच्या ओंजळीत. कितीही मोठा माणूस असो, त्यानं थांबायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "तुला तोंड आहे, तू मागशील. त्यानं कुणाला सांगायचं?"

पोरगा गंगाराम मोठा झाला, याच वळणावर दुकान थाटलं, गंगारामशेट झाला. पोटही शेटला शोभेल असं सुटलं. दुकानापुढं गाढवं उभी राहतात, लीद टाकतात, गिऱ्हाईक नाक धरून पुढं जातं, म्हणून त्यानं आईची डोणी उचलून टाकली. ठकूबाई भांडली नाही. रांजण मांडायचं मात्र तिनं सोडलं, आणि पुढचा उन्हाळा यायच्या आत गेली.

मग लेकाला उमाळा आला. त्यानं लांबून संगमरवर आणवला, त्याचं कुंड आणि वर पाणी पडायला सिंहाचं तोंड घडवून घेतलं, टेकडीवरच्या तळ्यापासून खापरी नळ घातला. आईचं वर्ष सरल्यावर चांगला दिवस बघून पाणी सोडायचं ठरलं. त्या दिवशी शेटनं सगळ्यांपुढं पण केला, आईच्या नावाचं पाणी वाहीपर्यंत मी थेंब घेणार नाही. त्याला वाटलं, घटकाभराचा तर प्रश्न.

तळ्याकडचं दार उघडलं. सिंह कोरडाच. गवंड्यानं नळ ठोकून बघितला, भटजींनी मंत्र पुन्हा म्हटले. वैशाखातलं ऊन. पाहुणे पागोटी सावरत सावलीला सरकले, शेट तिथंच उभा. लोकांनी विनवलं, घोटभर घ्या, आई काही म्हणायची नाही. तो हटेना. ओठ फुटले, डोळ्यांपुढं अंधारी आली, बायको रडायला लागली.

तेवढ्यात चंपा कुंभारणीची गाढवी मडकी पोचवून रिकामी परतत होती. ती जुन्या सवयीनं इथं वळली आणि ते नवंकोरं कुंड चाटायला लागली. नुसता दगड. माणसं काठ्या घेऊन धावली.

"मारू नका," शेट म्हणाला. आवाजही धड फुटेना. "तिला तहान लागलीय."

असं सांगतात, की हे त्याला जन्मात पहिल्यांदा कळलं.

पूजेचा भरलेला कलश तेवढा जवळ होता. शेटनं तो उचलला. सगळ्यांना वाटलं, आता पितोय. त्यानं तो कुंडात रिकामा केला. भटजी कळवळले. गाढवी प्यायला लागली, आणि तिच्या मानेवर हात ठेवून शेट हळूच म्हणाला, "आई, आधी हिला दिलं गं."

तशी सिंहाच्या घशात घरघर झाली आणि पाणी आलं. शहाणे म्हणतात, नळात हवा अडकली होती. असेल. पण ती हवा नेमकी गाढवी पीत असताना कशी सुटली, ते त्यांच्यातल्या कुणी मला अजून सांगितलेलं नाही.

गाढवीचं होईपर्यंत शेट थांबला. मग कुंडावरून मागं ओघळणाऱ्या पाण्याखाली वाकून प्यायला. पोट आडवं येत होतं, तरी वाकला. पुढं त्यानं तिथंच माणसांसाठी पितळी नळ बसवला, मुद्दाम खाली. आणि संगमरवर जनावरांना देऊन टाकला.

आजही सकाळी कुठलंतरी मुकं जनावर कुंडाला तोंड लावतं, तेव्हाच मागचा नळ सोडतात. गाढवं आता फारशी राहिली नाहीत. कुत्रं, शेळी, अगदी कावळाही चालतो. परवा एक मोठे साहेब भल्या सकाळी आले, घसा कोरडा, आणि एकही जनावर फिरकेना. शेवटी साहेब टाय सैल करून, मान वर करून काव काव करत उभे राहिले. आळीतलं एकही माणूस हसलं नाही. आम्ही सगळेच कधी ना कधी तसे उभे राहिलोय.