निळी शाई आणि हळदी कागद

छापखान्यात संगणक नवानवा आला, तेव्हाची ही गोष्ट. लग्नपत्रिका छापायच्या होत्या, हळदी रंगाचा कागद मोजकाच होता आणि तसला दुसरा मिळणार नव्हता. छपाईयंत्राचा म्हातारा रूळ निळ्या शाईला म्हणाला, "पोरी, आधी त्या कागदावर बोटभर उमटून बघ."

"कशाला? संगणकाच्या पांढऱ्या पडद्यावर मी कशी निळीशार दिसतेय, बघा की!" शाई फणकारली.

सगळ्या पत्रिका छापून झाल्या. शाईने खाली पाहिलं. निळं कुठंच नव्हतं. नवरीचं नाव शेवाळासारखं हिरवं पडलं होतं!

"मेल्या, काय केलंस हे माझं?" ती कागदावर किंचाळली.

कागद म्हणाला, "बाई, मी सकाळपासून तुझ्यासमोर पिवळाच बसलोय. तू एकदा तरी माझ्याकडे बघितलंस का?"