कोरड्या गल्लीचा झेंडा

एका नगरीचा राजा फार टापटिपीचा होता. चिखलाचा त्याला भारी तिटकारा. त्याने रस्त्यांवर, गल्ल्यांत, अंगणांत गुळगुळीत फरशी घातली. पाने पडून कचरा होतो म्हणून झाडेही काढून टाकली. पावसाचे पाणी गटारांतून थेट नदीत जाई, आणि जी गल्ली सगळ्यांत आधी कोरडी होई तिला राजा मानाचा झेंडा देई. लोकही हौशी. पाऊस थांबला रे थांबला, की घरोघरचे खराटे बाहेर निघत.

एका गल्लीला मात्र झेंडा कधीच मिळत नसे. तिथे एक म्हातारी राही. तिने अंगणात फरशी घालू दिली नव्हती, की दारचा कडुलिंब तोडू दिला नव्हता. छपराचे पाणी ती कडुलिंबाच्या आळ्यात सोडी, तांदूळ धुतलेले पाणीही तिथेच ओती.

"आजी, तुमच्यापायी यंदाही झेंडा गेला," शेजारी कुरकुरत.

"जाऊ दे. झेंड्याची सावली पडते तरी केवढी?" म्हातारी म्हणे.

राजाचा सारा जीव शेवंती हत्तिणीत होता. लहानपणी तो तिच्या पाठीवरच झोपी जायचा. एका उन्हाळ्यात फरशी अशी तापली की रात्रीही निवेना. शेवंतीच्या तळपायांना फोड आले. तिने चारा सोडला.

"महाराज, अशानं ही उन्हाळा काढायची नाही," माहूत डोळे पुसत म्हणाला. राजाला अन्न गोड लागेना.

एका दुपारी शेवंती साखळी तोडून निघाली. राजा मागे धावला. ती थेट म्हातारीच्या अंगणात शिरली आणि लिंबाखालच्या ओल्या मातीत उभी राहिली. माहुताने किती चुचकारले, पण ती हलेना.

"आजी, हिला इथं काय सापडलं?" राजाने विचारले.

"जोडे काढ, म्हणजे कळेल."

राजाने जोडे काढले. मातीला पाय टेकताच त्याच्या अंगाची काहिली उतरली. तेवढ्यात शेवंतीने सोंडभर चिखल उचलला आणि आधी स्वतःच्या, मग राजाच्या अंगावर उडवला. माहुताला घाम फुटला. राजा मात्र हसू लागला, आणि हसता हसता रडला.

"आजी, चुकलो मी, आणि भोगलं हिनं."

त्याच दिवशी लोक फरशा उखडायला लागले, पहिली राजवाड्याची. दारोदारी आळी खणली, रोपे लावली. ती वाढेपर्यंत शेवंतीच्या दुपारी म्हातारीच्याच अंगणात गेल्या. पुढच्या पावसाळ्यापासून झेंडा सगळ्यांत जास्त पाणी मुरवणाऱ्या गल्लीला मिळू लागला. पहिला अर्थातच म्हातारीच्या गल्लीला मिळाला. तिने त्याची शेवंतीला झूल शिवली.

तात्पर्य एवढेच: दारी आलेले पाणी आणि अंगणातले झाड यांना हाकलून देऊ नये, उन्हाळ्यात त्यांच्याच आसऱ्याला जावे लागते.