थोरल्या सांबराचे पाऊल

माळराज्याच्या संघाने गेल्या अठरा वर्षांत एकही गोल केला नव्हता. राज्यात याचे दुःख होते, पण आश्चर्य नव्हते. प्रत्येक सामन्यानंतर तीन दिवस दुःख पाळले जाई. चौथ्या दिवशी पुढच्या सामन्यात आघाडीवर कोणाला खेळवावे याचा वाद सुरू होई, आणि तो इतका रंगे की गोलाची आठवण मागे पडे.

टिटवी परत आली ती या वादात भाग घ्यायला. चार वर्षे ती दूर उत्तरेला, सरोवरांच्या काठी, चेंडूची विद्या शिकत होती. चेंडू का वळतो, का उसळतो, का थांबतो, हे सगळे तिला पाठ होते. परतीच्या वाटेवर, उडताना, ती मनाशी निवड समितीची बैठक रंगवीत होती. कोणी म्हणेल, आघाडीला वेग हवा. कोणी म्हणेल, वेग नको, नजर हवी. कोणी सरावात किती गोल केले याच्या याद्या निघतील, आवाज चढतील, आणि मग ती दोन शब्द बोलेल. ते दोन शब्द तिने घोकून ठेवले होते.

प्रत्यक्षात, समितीची सदस्य म्हणून पहिल्या बैठकीत तिला दिसली ती गवताची एक दोरी. दोरीला सात गाठी होत्या, आणि वाद चालला होता तो चौथी गाठ आहे त्या जागी असावी की थोडी अलीकडे, यावर.

दोरीचा इतिहास तिला समितीचा चिटणीस साळिंदर याने सांगितला. अठरा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या संघाविरुद्ध थोरल्या सांबराने एकट्याने तीन गोल केले. त्या दिवशी मैदानात चिखल होता. तिसरा गोल मारताना सांबराचा पाय पूर्वेच्या गोलासमोर खोल रुतला आणि पुढे सरकला. तो घसरला होता असे काही जुनी मंडळी खासगीत म्हणत, पण आता त्यांतले फारसे कोणी उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले. ठसा वाळला. तो परातीएवढा रुंद होता, आणि राज्यात सगळे त्याला नुसते ‘पाऊल’ म्हणत.

पाऊल जपायचे ठरले. मैदानाला पाणी देणारा पाट होता, त्याच्या तोंडाशी मातीचे दारे, म्हणजे छोटा बांध, घालून तो बंद केला गेला, कारण पाण्याने कडा विरघळल्या असत्या. पावलाभोवती कुंपण आले, आणि पावसाळ्यात वर पळसाच्या पानांचे छप्पर येई. मैदानावरचे गवत दोन वर्षांत गेले. राहिलेली धूळ लोक कपाळाला लावीत.

मग रीत पडली. आघाडीवर खेळू इच्छिणाऱ्याने आपला पाय पावलात ठेवायचा. पाय आणि पावलाची कड यांत जी फट उरेल ती दोरीने मोजायची. फट जितकी कमी, तितका खेळाडू थोर. गावोगावी खूर घडवून देणारे निघाले. कोणी वासरांचे खूर तेलात भिजवीत, कोणी त्यांना लहानपणापासून फताडे चालायला शिकवीत. चेंडू शिकवणारा एक म्हातारा रानबोका होता. त्याच्याकडे कोणी जाईनासे झाले, तेव्हा तोही खूर घडवू लागला.

सामन्याच्या दिवशी छप्पर आणि कुंपण काढले जाई. राज्याचा संघ नेहमी पूर्वेकडेच तोंड करून खेळे; थोरल्याच्या पावलाकडे पाठ कशी करायची? पाहुण्या संघांना हे चाले. चाले म्हणजे आवडे. आघाडीचे गडी चेंडू पुढे नेत, गोलाकडे मारीत, आणि चेंडू पावलात जाऊन पडे. खेळताना पावलाला स्पर्श करणे निषिद्ध होते. सारे स्तब्ध उभे राहत. साळिंदर सावकाश चालत येई, आपल्या दोन काट्यांनी चेंडू अलगद उचले आणि पाहुण्यांच्या स्वाधीन करी. दूर बसलेले लोक उसासा टाकीत. थोरल्याने नाकारला, असे ते म्हणत. याचा अर्थ, खेळवलेला गडी लायक नव्हता. म्हणून पुढच्या वेळी दोरी आणखी काटेकोर धरली जाई.

या वर्षी आघाडीवरची एक जागा रिकामी होती आणि नदीपलीकडच्यांशी सामना आठ दिवसांवर आला होता. दोन नावे होती. एक थोरल्या सांबराचा नातू. दुसरी पिसोरी, सशाएवढी हरिणी, जिचे खूर करवंदाएवढे होते.

समितीचे अध्यक्ष गवा होते. त्यांनी नातवाचे गुण सांगायला सकाळी सुरुवात केली. त्याची मान आजोबांसारखी आहे. तो उभा राहतो तो आजोबांसारखा. नातू बाहेर उभा होता. त्याने आत डोके घालून सांगितले की आपल्याला मागे खेळायला आवडते, पुढे गेले की आपल्याला काही सुचत नाही.

“विनय,” गवा म्हणाले. “हाही आजोबांचाच.”

साळिंदराने विनय लिहून घेतला.

टिटवी उठली. तिने सांगितले की पिसोरीने सरावात पश्चिमेच्या गोलात एक्केचाळीस चेंडू मारले आहेत. आपण स्वतः बसून मोजले आहेत. डावीकडून, उजवीकडून, एकदा तर पाठमोरी असताना.

घोरपड समितीत सर्वांत जुनी. मैदानालगतच्या आपल्या दगडावर ती इतकी वर्षे बसली होती की दगड कुठे संपतो हे सांगणे अवघड होते. ती डोळे न उघडता म्हणाली, “हिचं कूळ ठाऊक आहे ना? आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपतात. आता संघ पडेल म्हणून धरायला आलीय.”

बैठक हसली. टिटवीही थोडी हसली, कारण तिची आई खरोखर तशी झोपे.

“पोरी,” गवा मायेने म्हणाले, “गोल काय, कोणीही करतो. प्रश्न लायकीचा आहे.”

दोघांचेही पाय सरावात मोजून झाले होते. नातवाला दीड गाठ लागली होती. पिसोरीचा पाय पावलात दिसेनासा झाला होता, आणि दोरी पुरली नव्हती. मत घेतले गेले. गवा आणि घोरपड नातवाच्या बाजूने. टिटवीने हरकत नोंदवली. तिने ती उभे राहून, मान ताठ करून, घोकलेल्या शब्दांत नोंदवली, आणि बसताना तिला बरे वाटले.

साळिंदराने हरकत लिहिली आणि नियम वाचला. एका सदस्याची जरी हरकत असली, तरी दोघांचे पाय दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमोर पुन्हा मोजायचे. पिसोरीची ही तिसरी वेळ होईल. एकदा ती गेल्या वर्षीही मोजली गेली होती. आणि जो तीनदा मापात बसत नाही, त्याला चेंडूला पाय लावता येत नाही. त्याने जन्मभर पावलाची झाडलोट करायची.

टिटवीला हे ठाऊक नव्हते. बाहेर शिकून आलेल्यांना इथले नियम सांगायचे राहूनच जातात.

संध्याकाळी ती पिसोरीला शोधत गेली. पिसोरी पश्चिमेच्या गोलापाशी एकटीच चेंडू मारीत होती. तिला बातमी कळलेली होती.

“मला नियम माहीत नव्हता गं,” टिटवी म्हणाली.

“माहीत असता तर बोलली नसतीस का, ताई?”

 चार वर्षांत हा प्रश्न टिटवीला कोणी विचारला नव्हता.

पिसोरीने चेंडू पायाखाली धरला. तिचे म्हणणे होते की झाडलोटीला आपण घाबरत नाही. आईने तेच केले, बारा वर्षे केले. फक्त एवढेच की चेंडू इथे समोरून जाईल आणि आपण बघत बसू, तेवढे जमेल असे वाटत नाही. मग ती म्हणाली, “आणि झाडून झाडून आईने तो खड्डा आणखी खोल करून ठेवलाय.”

“काय म्हणालीस?”

पिसोरीने आजूबाजूला पाहिले. “खड्डा. तिथे खड्डा आहे, ताई. चेंडू खड्ड्यात जातो. एवढंच आहे ते.”

चेंडू का थांबतो याची सतरा कारणे टिटवी शिकून आली होती. हे त्यांत नव्हते. तिकडे ते कोणाला शिकवावे लागत नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच ती पाटाच्या तोंडाशी गेली. अठरा वर्षांचे दारे दगडासारखे झाले होते. तिने चोचीने टोचले, पायांनी उकरले. चोच दुखू लागली तेव्हा तिला आपल्या कुळाविषयीची ती दुसरी गोष्ट आठवली, समुद्र आटवायला निघालेल्या टिटवीची. त्या मानाने हे काम लहान होते. सूर्य वर आला तेव्हा बोटभर रुंदीची चीर पडली आणि पाणी त्यातून मैदानाच्या दिशेने निघाले. ती उडत खाली आली आणि समितीत आपल्या जागी बसली. तिचे पाय चिखलाचे होते. सदस्य बाहेर शिकलेली असल्याने कोणी काही विचारले नाही.

सारे राज्य जमले होते. नातवाने पाय ठेवला; दीड गाठ. टाळ्या झाल्या. पाय बाहेर काढताना त्याने खुराकडे पाहिले, तो ओला होता. त्याने तो हळूच दुसऱ्या पायाला पुसला. पिसोरीने पाय ठेवला. तिचा खूर दिसेनासा झाला, गुडघा दिसेनासा झाला. दोरी पुरली नाही. मागून कोणीतरी म्हणाले की तिला आतच राहू द्या, झाडायला सोपे पडेल. हशा झाला.

टिटवीने उठून एकच मागितले. निवड जाहीर होण्याआधी निवडलेल्या गड्याने एक चेंडू गोलाकडे मारून दाखवावा. गव्यांना यात गैर काही दिसले नाही. उलट शोभाच होती.

नातवाने चेंडू मारला. तो सरळ गेला, पावलात पडला आणि थांबला. लोकांनी उसासा टाकला. साळिंदर उठला, पाठीवरचे दोन काटे निवडले आणि सावकाश चालू लागला. तो निम्म्या वाटेवर असताना चेंडू हलला.

तो वर येत होता. पावलाच्या कडेला चकाकणारी एक रेघ दिसली, ती जाड झाली, आणि चेंडू कोणी खालून ओंजळीत धरून द्यावा तसा काठापर्यंत आला. क्षणभर तिथे गिरकी घेत राहिला, आणि कडेवरून बाहेर पडला.

आपोआप बाहेर आलेल्या चेंडूचे काय करायचे याचा नियम नव्हता. साळिंदर थांबला. नातू थांबला. गव्यांनी घोरपडीकडे पाहिले. पिसोरी कडेला उभी होती. अजून तिचे माप वहीत चढले नव्हते. ती धावली. चार पावलांचे अंतर होते. ओल्या मातीत तिचे खूर चारदा रुतले आणि चौथ्या वेळी चेंडू सुटला. पूर्वेच्या गोलात अठरा वर्षांची कोळिष्टके होती. चेंडू ती घेऊन आत गेला.

कोणीच ओरडले नाही. कसे ओरडायचे हे तरुणांना माहीत नव्हते, आणि जे म्हातारे जाणत होते त्यांना खात्री नव्हती. पहिला आवाज टिटवीचा आला. तो अशुभ मानतात, पण त्यानंतर सगळे मैदान ओरडू लागले.

गवा मोठ्या मनाचे होते. ते चिखल तुडवीत पुढे आले, पिसोरीसमोर उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले की जागा हिची. नातवाने सुटकेचा श्वास टाकला आणि मागे जाऊन उभा राहिला. तो तिथे शोभत होता.  पिसोरीने टिटवीकडे पाहिले आणि टिटवीला वाटले, चार वर्षे आपण याचसाठी गेलो होतो.

मग गव्यांचे लक्ष खाली गेले. ओल्या मातीत चार इवलेसे ठसे उमटले होते, करवंदाएवढे, रेखीव.

ते बराच वेळ पाहत राहिले. “केवढे लहान,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि केवढे थोर.”

साळिंदराने हातातले दोन काटे पहिल्या ठशाच्या दोन बाजूंना रोवले आणि पाठीवरून आणखी काढू लागला. घोरपड अठरा वर्षांत पहिल्यांदा दगडावरून उतरली. तिला नवी, बारीक दोरी हवी होती. लोक रांग लावू लागले. एका सांबराने आपल्या पाडसाचे खूर उचलून पाहिले आणि चिंतेने मान हलवली. काट्यांच्या मधोमध पिसोरी उभी होती. बाहेर पडायचे तर कुठे पाय ठेवावा हे तिला कळेना.

“बाळ टिटवी,” गवा म्हणाले, “तेवढं पाटाला दारे घाल बघू. ऊन चांगलं आहे. दुपारपर्यंत वाळतील.”

टिटवी पाटाच्या तोंडाशी गेली. उकरलेली माती तिथे तशीच ओली पडली होती, दारे घालायला पुरेशी. तिने खाली मैदानाकडे पाहिले. मग दुखऱ्या चोचीने पहिले ढेकूळ उचलून वाहत्या पाण्यात टाकले. त्यामागून दुसरे. राहिलेले दारे ती दोन्ही पायांनी उकरू लागली, आणि पाट रुंद झाला.

खाली साळिंदराने रोवलेला पहिला काटा जरासा कलला.