कासवांच्या आजोळची सुट्टी

कासवंसुद्धा पहाटे उठायची, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटली तर कासवालाच विचारा.

तळ्याकाठी कासवआजी आणि कासवआजोबा राहायचे. लेक दिली होती कोसभर लांबच्या ओढ्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची पोरं, खापरू आणि ठकी, येणार म्हणून आजीने गवतात आंब्यांची अढी घातली. आंबे पिकून वास सुटला, तरी पोरांचा पत्ता नाही.

पाहुण्यांची वर्दी देणारा कावळा यंदा गप्पच होता. आजीने विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमची लेक दिसली वाटेला लागलेली. पण एकटीच हो. पोरं नव्हती बरोबर."

आजीचा जीव खालीवर झाला. "अहो, एकटी कशी? पोरांचं काही बरंवाईट तर नाही ना?" आजोबांनी मान कवचात ओढून घेतली.

तेवढ्यात शेजारच्या करवंदीच्या जाळीतून दोन धुळकट पाठी बाहेर आल्या. खापरू आणि ठकीच!

"अरे, आईला सोडून कसे आलात?"

"आईकडे गेलोच कुठे?" खापरू म्हणाला. "गेल्या वर्षी तुम्ही निरोप दिलात, ते या जाळीपर्यंत पोचलो. इतक्यात पुन्हा सुट्टी लागली, मग वळलो."

आजोबांची मान हळूच बाहेर आली. आजीने डोळे पुसले आणि कावळ्याला म्हणाली, "दादा, उडत जा आणि लेकीला सांग, पोरं सुखरूप आहेत. न्यायला येतेयस ती ये, पण घाई करू नको म्हणावं."